जहाजाला सुतार, राज्याला कोण?

अथेन्समध्ये अ‍ॅक्रॉपोलिसच्या पश्चिमेला प्निक्स नावाची टेकडी आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात शहराची जनसभा तिथे उघड्यावर भरायची. हजारो नागरिक दाटीवाटीने बसत. 'कुणाला बोलायचंय?' असं दवंडीवाला विचारी, आणि ज्याला बोलायचं असेल तो व्यासपीठावर चढे. विषय नव्या जहाजांचा असला आणि चढलेला माणूस जहाज बांधणारा नसला, तर त्याची धडगत नसे. तो देखणा असो, श्रीमंत असो, बड्या घराण्यातला असो, लोक त्याला हसायचे, त्याची हुर्यो उडवायचे. तरीही तो खाली उतरला नाही, तर बंदोबस्ताला असलेले तिरंदाज त्याला ओढून खाली आणायचे. विषय राज्यकारभाराचा निघाला की मात्र तऱ्हा वेगळी. युद्ध करायचं की तह, यावर सुताराने बोलावं, लोहाराने बोलावं, मोची, व्यापारी, नावाडी, कुणीही बोलावं. 'हे तू कुणाकडे शिकलास?' असं कुणी विचारत नसे.

प्लेटोच्या 'प्रोटॅगोरस' या संवादात हे चित्र सॉक्रेटिस उभं करतो. स्थळ कॅलियस नावाच्या गर्भश्रीमंत अथेन्सकराचं घर, काळ इ.स.पू. ४३३च्या आसपासचा. समोर बसलेला प्रोटॅगोरस हा थ्रेसच्या किनाऱ्यावरच्या अब्देरा गावचा. घर आणि नगर नीट चालवण्याची अक्कल तो पैसे घेऊन शिकवायचा आणि त्यासाठी ग्रीसभर गाजलेला होता. सॉक्रेटिसने चिमटा काढला तो असा : जहाजाच्या बाबतीत अथेन्सकर जाणकारालाच विचारतात, राज्याच्या बाबतीत कुणालाही. म्हणजे राज्य चालवणं शिकवता येत नाही, असंच त्यांचं मत दिसतं. मग तू विकतोस ते काय?

उत्तरादाखल प्रोटॅगोरसने एक कथा सांगितली. प्राणी घडवले गेले तेव्हा त्यांना गुण वाटायचं काम एपिमिथियसकडे आलं. त्याने कुणाला नखं दिली, कुणाला पंख, कुणाला जाड कातडं. माणसाची पाळी येईतो झोळी रिकामी झाली होती. माणूस उघडानागडा राहिलेला पाहून एपिमिथियसचा भाऊ प्रोमिथियस याने हेफेस्टस आणि अथीना या देवतांकडून कारागिरी आणि अग्नी चोरून माणसाला दिले. माणसं घरं बांधू लागली, पायताणं शिवू लागली, शेती करू लागली. पण एकत्र आली की भांडायची आणि पुन्हा पांगायची. शेवटी झ्यूसने हर्मिसच्या हाती लाज आणि न्यायबुद्धी पाठवली. हर्मिसने विचारलं, कारागिरीची वाटणी झाली तशीच यांचीही करू का? तिथे एक वैद्य पुष्कळांना पुरतो. झ्यूस म्हणाला, नाही, या सगळ्यांना दे. मोजक्याच लोकांकडे राहिल्या तर नगरं टिकायची नाहीत.

म्हणून, प्रोटॅगोरस म्हणतो, अथेन्सकरांचं काही चुकत नाही. न्यायाचं शिक्षण तर लहानपणापासून चालूच असतं. आईबाप, दाया, पंतोजी आणि नगराचे कायदे, सगळेच ते देत असतात. आपण त्यात थोडी भर घालतो, एवढंच. लोकशाहीचं इतकं नेटकं समर्थन प्राचीन ग्रीसमधून क्वचितच हाती आलं आहे, आणि ते आलं लोकशाहीवर विश्वास नसलेल्या प्लेटोच्या लेखणीतून. हा वाद पुढे शंभर वर्षं चालला. एका दिवाणखान्यातल्या गप्पांपुरता तो राहिला नाही. अथेन्सने त्यापायी माणसं गमावली.

कसबाचा मान ग्रीकांना नवा नव्हता. होमरच्या 'ओडिसी'त परगावाहून मुद्दाम बोलावून आणण्याजोग्या माणसांची यादी येते : भविष्य सांगणारा, वैद्य, सुतार आणि गायक. आपल्याकडच्या बलुतेदारांसारखे हे लोक एका गावाला बांधलेले नसत. बोलावणं येईल तिथे जात. खुद्द ओडिसियस वीस झाडं तोडून, तासून, खुंट्या ठोकून स्वतः तराफा बांधतो. राजाने हातात कुऱ्हाड धरली म्हणून होमरला त्यात काही उणं वाटत नाही. पाचव्या शतकातल्या प्रतिष्ठितांना मात्र वाटू लागलं होतं. भट्टीपुढे, सावलीत, बैठकीवर काम करून शरीर बिघडतं, शरीराबरोबर मन बिघडतं, आणि मित्रांसाठी नि नगरासाठी वेळ उरत नाही, असा आक्षेप सॉक्रेटिसचा अनुयायी झेनोफन याने त्याच्या तोंडी घातला आहे.

पण दगडावर कोरलेला हिशेब वेगळंच सांगतो. अ‍ॅक्रॉपोलिसवरच्या इरेक्थियन मंदिराचं रखडलेलं काम इ.स.पू. ४०९च्या सुमारास पुन्हा सुरू झालं आणि त्याचा खर्च संगमरवरावर कोरून ठेवला गेला. त्यातले तुकडे आज उपलब्ध आहेत. खांबांवर पन्हळी कोरणारे पाथरवट, सुतार, करवतकरी, शिल्पी, सगळ्यांची नावं आणि मजुरी तिथे वाचता येते. ज्यांचा दर्जा ओळखता येतो अशा ८६ जणांपैकी २४ नागरिक, ४२ परगावाहून येऊन राहिलेले आणि २० गुलाम. रोजंदारी साधारण एक ड्राख्मा, नागरिकाला तेवढीच आणि गुलामाच्या नावावरही तेवढीच. देखरेख करणाऱ्या वास्तुविशारदाचा हिशेबही दिवसाला एक ड्राख्माच भरतो. चौथऱ्यावर पन्हळ सरळ आली की वाकडी, एवढंच पाहिलं जाई. प्निक्सवर मात्र या ८६ पैकी फक्त २४ जणांना जाता येत होतं.

प्रोटॅगोरसच्या बरोबरीने आणखी काही फिरते गुरू अथेन्सला येत. एलिसचा हिप्पियस त्यांतला एक. एकदा तो ऑलिम्पियाला आला तेव्हा अंगावरची प्रत्येक वस्तू आपण स्वतः केलेली आहे असं सांगत सुटला. बोटातली अंगठी, मुद्रा, अंग खरवडायची पट्टी, तेलाची कुपी, पायातले जोडे, अंगरखा, वरचं पांघरूण, आणि कमरेचा इराणी धाटणीचा विणलेला पट्टा, सगळं घरचं. शिवाय सोबत महाकाव्य, नाटकं आणि भाषणंही होती. सिसिलीतल्या लिओन्तिनीचा गॉर्जियस इ.स.पू. ४२७मध्ये दूत म्हणून अथेन्सला आला आणि त्याच्या वक्तृत्वाने शहर खुळावलं. प्लेटोच्या संवादात तो फुशारकीने सांगतो की त्याचा भाऊ हेरोडिकस वैद्य आहे. रोगी औषध घ्यायला किंवा डाग द्यायला तयार झाला नाही की भाऊ हात टेकतो, आणि मी नुसत्या बोलण्याने त्याला राजी करतो. वैद्य आणि वक्ता जनसभेपुढे उभे राहिले आणि सार्वजनिक वैद्याची निवड व्हायची असली, तर वक्ताच निवडून येईल.

या वाक्यातली मेख वैद्यांना चांगलीच ठाऊक होती. त्या काळी परवाना नव्हता, परीक्षा नव्हती. आपण वैद्य आहोत असं कुणीही म्हणावं. इ.स.पू. ४३०मध्ये अथेन्समध्ये साथ पसरली, तेव्हा सगळ्यांत जास्त मेले ते वैद्यच, कारण रोग्यांजवळ जाणारे तेच होते, आणि त्यांच्या हातून काही झालं नाही, असं स्वतः त्या आजारातून उठलेला इतिहासकार थ्युसिडिडीस लिहून ठेवतो. रोगी बरा झाला तर दैवाने, मेला तर वैद्यामुळे, असं म्हणणारेही भरपूर होते. हिपोक्रॅटिसच्या नावाने जमा झालेल्या ग्रंथांत एक छोटा निबंध याच लोकांना उत्तर देण्यासाठी लिहिलेला आहे. त्याचा मुद्दा साधा आहे : योग्य आणि अयोग्य उपचार वेगळे ओळखता येत असतील, तर तिथे विद्या आहे. 'प्राचीन वैद्यक' नावाचा दुसरा ग्रंथ सांगतो की आधी उष्ण-शीताचं तत्त्व मांडायचं आणि मग रोग्याला त्यात कोंबायचं, हा मार्ग नव्हे. माणसं कच्चं खाऊन आजारी पडली, म्हणून दळू-भाजू-शिजवू लागली. वैद्यक म्हणजे तोच शोध पुढे नेलेला.

या वैद्यांचा प्रामाणिकपणा दिसतो तो त्यांच्या टिपणांत. 'साथीचे रोग' या संग्रहाच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात ४२ रोग्यांची टिपणं आहेत. पहिलाच रोगी फिलिस्कस, तटाजवळ राहणारा. पहिल्या दिवशी जोराचा ताप, घाम, रात्र वाईट. दुसऱ्या दिवशी आणखी जड, रात्र मात्र शांत. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप गेल्यासारखा वाटला, संध्याकाळी पुन्हा उसळला. तहान, कोरडी जीभ, काळी लघवी, बरळणं. पुढे हातपाय गार पडले. श्वास सबंध आजारात विरळ आणि मोठा, जणू मध्येच काही आठवून घेतल्यासारखा. सहाव्या दिवशी दुपारच्या सुमारास तो गेला. उपाय काय केला, याचा बढाईखोर उल्लेख नाही. ४२ पैकी निम्म्याहून अधिक रोगी असेच दगावलेले आहेत, आणि तरी ते लिहून ठेवले आहेत. जाणकार कोण, याचं एक उत्तर इथे मिळतं : जो स्वतःचं अपयशही पुढच्याला उपयोगी पडेल अशा रीतीने नोंदवतो, तो.

राज्याचं ज्ञान सगळ्यांना वाटलेलं असो, समुद्राचं नव्हतं हे अथेन्सला मान्य होतं. नगरमंडळातले ५०० सभासद आणि बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडले जात, पण दहा सेनापती मात्र दरवर्षी हात वर करून निवडत, आणि पुन्हा पुन्हा निवडता येत. आरमार ही फावल्या वेळात शिकायची गोष्ट नव्हे, असं स्पार्टाशी युद्ध सुरू होण्याआधी सेनापती पेरिक्लीसने सभेला बजावलं होतं. एका नौकेवर १७० वल्हेकरी, तीन ओळींत बसलेले. एकाचं वल्हं चुकलं तर शेजाऱ्याच्या वल्ह्यात अडकायचं.

याचा पडताळा इ.स.पू. ४२९मध्ये आला. पात्रासच्या आखातात अथेन्सचा सेनापती फॉर्मिओ याच्याकडे अवघ्या २० नौका होत्या, शत्रूकडे ४७. शत्रूने वर्तुळ केलं. नौकांच्या नाळा बाहेर, लहान होड्या मध्ये. फॉर्मिओने आपल्या नौका एका ओळीत त्या वर्तुळाभोवती फिरवायला सुरुवात केली, इतक्या जवळून की आत्ता धडकणार असं वाटावं. पण त्याने धडक दिली नाही. पहाटे आखातातून वारा सुटतो हे त्याला माहीत होतं, आणि तो त्या वाऱ्याची वाट पाहत होता. वारा सुटला. वर्तुळ आक्रसलं, नौकेवर नौका आपटू लागली, खलाशी काठ्यांनी एकमेकांना ढकलू लागले, आरडाओरड्यात हुकूम ऐकू येईनात. तेव्हा फॉर्मिओने इशारा दिला. शत्रूच्या १२ नौका हाती लागल्या.

पण इतिहास एवढा सरळ चालत नाही. चार वर्षांनी, इ.स.पू. ४२५मध्ये, पायलोसजवळ स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टाचे ४२० शिपाई कोंडले गेले. वेढा रेंगाळला. कातडी कमावण्याच्या धंद्यावर गब्बर झालेला क्लिऑन सभेत गरजला की सेनापती मर्द असते तर बेट केव्हाच घेतलं असतं. त्याचा रोख निकियासकडे होता. निकियास शांतपणे म्हणाला, मग तूच जा. क्लिऑन मागे सरू लागला, तसा लोकांनी जास्तच गलका केला. शेवटी तो म्हणाला, जातो, आणि वीस दिवसांत त्यांना धरून आणतो नाहीतर तिथेच मारतो. सभा हसली. शहाणी माणसं खूश झाली, कारण दोनपैकी एक तरी होणार होतं : स्पार्टाचे शिपाई सापडतील किंवा क्लिऑनची ब्याद टळेल. वीस दिवसांत तो २९२ कैदी घेऊन परत आला.

योजना खरं तर तिथे आधीपासून असलेल्या डेमॉस्थिनीस या सेनापतीची होती. पण श्रेय क्लिऑनला मिळालं. पुढच्या वर्षी अ‍ॅरिस्टोफेनीसने रंगभूमीवर त्याची अशी चामडी लोळवली की विचारता सोय नाही. त्याच्या नाटकात राज्य चालवायला लायक ठरतो तो सॉसेज विकणारा, कारण तो अडाणी, उर्मट आणि बाजारबुणगा आहे. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि हसून घरी गेलेल्या त्याच लोकांनी त्या वर्षी क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिलं. क्लिऑनविषयी सगळ्यांत कडवट लिहिणारा थ्युसिडिडीस स्वतः सेनापती होता. अँफिपोलिस राखता आलं नाही म्हणून शहराने त्याला हद्दपार केलं होतं, हेही वाचताना ध्यानात ठेवावं लागतं.

वादाने रक्त सांडलं ते इ.स.पू. ४०६मध्ये. आर्गिनूसीच्या लढाईत अथेन्सने मोठा विजय मिळवला. माणसं इतकी कमी पडली होती की त्या नौकांवर गुलामही वल्ही मारत होते. पण २५ नौका बुडाल्या, वादळ उठलं, आणि बुडत्या माणसांना वाचवता आलं नाही. शहर खवळलं. आठ सेनापतींवर एकाच मतदानाने निवाडा करावा असा ठराव आला. प्रत्येकाचा वेगळा निवाडा व्हावा ही रीत मोडून हे चाललं होतं. कुणी हरकत घेतली की गर्दी ओरडे, लोकांना हवं ते करू देत नाही म्हणजे काय! सभेच्या अध्यक्षमंडळात त्या वेळी चिठ्ठीने नंबर लागलेला एक पाथरवटाचा मुलगा होता, सॉक्रेटिस. त्याने ठराव मताला टाकायला नकार दिला. उपयोग झाला नाही. हजर असलेल्या सहा सेनापतींना मृत्यू दिला गेला. त्यांत पेरिक्लीसचा मुलगाही होता. पुढच्या वर्षी इगोस्पोटामीला अथेन्सचं जवळजवळ सगळं आरमार किनाऱ्यावरच पकडलं गेलं, आणि इ.स.पू. ४०४मध्ये शहर शरण गेलं.

सॉक्रेटिसला यातून काय दिसत होतं? त्याचा सगळा वेळ कारागिरांच्या दाखल्यांत जाई. सुईण असलेली आई, मोची, सुतार, लोहार. लोक वैतागायचे की हा सारखा चपलांवर काय बोलतो! सायमन नावाच्या मोच्याच्या दुकानात बसून तो चर्चा करी, अशी एक जुनी कथा आहे. अथेन्सच्या बाजारचौकाच्या कडेला उत्खननात पाचव्या शतकातलं एक घर सापडलं. त्यात जोड्यांना ठोकायचे लोखंडी खिळे होते, दोरी ओवायची हाडाची कडी होती आणि 'सायमनचा' असं कोरलेलं एका काळ्या पेल्याचं बूड होतं. मालक तोच असेल-नसेल, पण असल्या दुकानांतून फिरूनच सॉक्रेटिस आपल्या निष्कर्षाला आला. खटल्यात त्याने तो सांगितला. राजकारण्यांना काही कळत नव्हतं, कवींना स्वतःच्या कवितेचा अर्थ सांगता येत नव्हता. कारागिरांना मात्र खरंच पुष्कळ कळत होतं. घोटाळा एवढाच, की एक गोष्ट येते म्हणून मोठमोठ्या गोष्टींतलंही आपल्याला कळतं, असं त्यांना वाटत होतं.

इ.स.पू. ३९९मध्ये त्याच्यावर खटला भरणाऱ्यांपैकी अनायटस हा कारागीर आणि राजकारणी यांच्या वतीने उभा होता. सॉक्रेटिसवर ठेवल्या गेलेल्या ठपक्यांतला एक झेनोफनने नोंदवला आहे : सुकाणू धरणारा, सुतार किंवा बासरी वाजवणारा आपण चिठ्ठी टाकून निवडत नाही, मग राज्यकर्ते कसे निवडतो, असं म्हणून तो तरुणांना कायद्याची टिंगल करायला शिकवतो. त्याचा न्याय करायला बसलेले सुमारे ५०० नागरिकही चिठ्ठ्या टाकूनच निवडलेले होते.

प्लेटो हे कधीच विसरला नाही. 'गॉर्जियस' संवादात तो मुलांपुढे चालणारा एक खटला रंगवतो. आरोपी वैद्य, फिर्यादी आचारी. याने तुम्हाला कडू काढे पाजले, उपाशी ठेवलं, कापलं, डागलं. मी मात्र गोडधोड खाऊ घातलं. वैद्य म्हणाला, हे मी तुमच्या भल्यासाठी केलं, तर ती पोरं किती कल्ला करतील! आचाऱ्याला गोड काय लागतं ते सरावाने कळतं, वैद्याला आपण जे करतो त्याचं कारण सांगता येतं, हा प्लेटोचा कस होता. म्हणून शेवटच्या 'लॉज' या ग्रंथात तो दोन वैद्य उभे करतो. गुलामांना तपासणारा गुलाम वैद्य हुकूम सोडतो आणि पुढच्या रोग्याकडे धावतो. स्वतंत्र माणसाचा वैद्य रोग्याशी बोलतो, त्याच्याकडून शिकतो, त्याला पटल्याशिवाय औषध देत नाही. जाणकाराने सत्ता गाजवावी असं म्हणणाऱ्या प्लेटोलाही अखेर जाणकाराने समजावून सांगावं, इथे यावं लागलं.

यापुढचं पाऊल टाकलं ते वैद्याच्या मुलाने. अ‍ॅरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. ३८४मध्ये स्टॅगिरा इथे झाला. वडील निकोमॅकस मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य. नुसता सिद्धांत ठाऊक असलेल्यापेक्षा अनुभवी माणूस प्रत्यक्षात अधिक यशस्वी होतो, कारण वैद्य 'माणूस' या कल्पनेवर उपचार करत नाही, समोरच्या कुणा कॅलियसवर करतो, हे त्याने मोकळेपणाने मान्य केलं. तरी अधिक जाणता तोच ज्याला कारण कळतं, आणि म्हणून जो शिकवू शकतो. मग 'राजनीती' या ग्रंथात त्याने प्निक्सच्या प्रश्नाला हात घातला. वैद्याची परीक्षा वैद्याने करावी हे ठीक. पण काही कामं अशी असतात की ती घडवणाऱ्यापेक्षा ती वापरणाऱ्याला त्यांचा निवाडा चांगला करता येतो. घर बांधणाऱ्यापेक्षा घरात राहणाऱ्याला, सुकाणू घडवणाऱ्या सुतारापेक्षा ते धरणाऱ्याला, आचाऱ्यापेक्षा पंगतीत जेवणाऱ्याला.

सॉक्रेटिस आणि प्लेटो यांनी विचारलं होतं, कळतं कुणाला? अ‍ॅरिस्टॉटलने त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न ठेवला : भोगायचं कुणाला? आर्गिनूसीला बुडणाऱ्यांना वादळात नौका कशी हाकतात हे सेनापतींना शिकवता आलं नसतं, पण आपल्याला सोडून दिलं की नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यांकडे असतं, दुसऱ्याचं पुष्कळांकडे. एकाने दुसऱ्याची जागा घेतली की काय होतं, हे अथेन्सने एका शतकात दोन्ही बाजूंनी दाखवून दिलं.

एवढं सांगणाऱ्या अ‍ॅरिस्टॉटलने त्याच ग्रंथाच्या त्याच भागात, काही पानं आधी, असंही लिहिलं आहे की उत्तम नगर हाताने काम करणाऱ्याला नागरिक करणार नाही. बायका, गुलाम आणि परगावचे लोक तर हिशेबातच नव्हते. तरीही त्याचा घराचा दाखला त्याच्यापेक्षा पुढे गेला आहे. घराचा निवाडा राहणाऱ्याने करायचा, हे एकदा मान्य केलं की त्यात कोण राहतं हे मोजावं लागतं, आणि अथेन्स नावाच्या घरात ही सगळीच माणसं राहत होती.